जस्ताचा ब्लँक उतरेना तेव्हा

समुद्राच्या पाण्यातले धातू मोजायच्या संशोधनाचे पहिले तीन महिने मी बाटल्याच धुतल्या. आधी साबणाच्या द्रावणात, मग आठवडाभर हायड्रोक्लोरिक आम्लात, मग अतिशुद्ध पाण्याने पाच-सहा वेळा, आणि शेवटी दोन झिप पिशव्यांत बंद. इतका सोस कशाला, ते आकडे बघितले की कळतं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात मीठ असतं ३५ ग्रॅम. खुल्या समुद्रात वरच्या थरातलं विरघळलेलं लोह कित्येकदा ५-६ नॅनोग्रॅम. आणि ते मोजायला जायचं कशातून, तर लोखंडी जहाजातून!

डेकवर आम्ही दोघी असायचो. बाहेरच्या पिशवीला हात लावणारी वेगळी, आतली बाटली धरणारी वेगळी. पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत.

खरी परीक्षा किनाऱ्यावर परतल्यावर झाली. मीठ थेट आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे धातू मोजणाऱ्या मशीनमध्ये, सोडता येत नाही, म्हणून धातू आधी रेझिनवर, म्हणजे धातू पकडणाऱ्या बारीक मण्यांवर, धरून ठेवायचे, मीठ धुऊन टाकायचं आणि थोड्याशा आम्लात धातू सोडवून घ्यायचे. लोहाचा ब्लँक, म्हणजे नमुना न घालता हेच सगळं करून येणारा आकडा, छान कमी आला. जस्ताचा मात्र खुल्या समुद्राच्या नमुन्यापेक्षाही जास्त! आम्ल बदललं, पाणी बदललं, रेझिन नवं भरलं. काही फरक नाही. दोन आठवडे असेच गेले, मला रडू यायचं बाकी होतं.

प्रयोगशाळेतल्या सीनियर ताईंनी एवढंच विचारलं, “बाटली धरतेस कशानं?”

ग्लोव्हजचं एक बोट कापलं, सौम्य आम्लात रात्रभर बुडवून ठेवलं आणि सकाळी ते आम्ल मशीनला लावलं. जस्ताचा आकडा धडाधड वर चढला. रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून बाटली उघडताना साधे पॉलिथिनचे ग्लोव्हज.

ब्लँक उतरला तरी मी लगेच नमुने लावले नाहीत. आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं प्रमाणित समुद्रजल, म्हणजे ज्यातल्या धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक असतं असं पाणी, मोजलं, खुल्या समुद्राचं वेगळं, किनाऱ्याचं वेगळं. दोन्ही आकडे जुळले. मग अरबी समुद्रातले दूरचे नमुने आधी आणि मांडवी नदीच्या मुखाचे सगळ्यात शेवटी लावले, कारण खाडीच्या पाण्यातलं लोह एकदा नळीत बसलं की पुढचा स्वच्छ नमुना वाया जातो. पहिला नमुना लागला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. ताई घरी गेल्या नव्हत्या.