हात चिकट झाला होता का?

जुलैतला मंगळवार. दुपारचं प्रॅक्टिकल चालू होतं. मुलं कण्हेरीच्या पानाचे छेद घेत होती आणि मी बाकांमधून फिरत होते. कोरड्या प्रदेशातली झाडं पाणी कसं जपतात हे दाखवायला कण्हेरीसारखं सोपं पान नाही. तेवढ्यात फोन वाजला. फोन जुन्या विद्यार्थिनीचा होता. मी अकरावी-बारावीला शिकवत असे तेव्हाची ती मुलगी. आता साताऱ्यातच डोळ्यांची डॉक्टर आहे.

"मॅडम, एक फोटो पाठवलाय. लगेच बघता का? एकसष्ट वर्षांचे काका आलेत. सकाळी कॅक्टस कापताना डोळ्यात काहीतरी गेलं म्हणतायत. मी केव्हाची काटा शोधतेय, पापणी उलटून पाहिली, काटा कुठेच नाही. आणि दुखणं तर तासागणिक वाढतंय."

फोटोत एक कुंडी होती. खाली तीन धारांचं हिरवं खोड आणि त्यावर बसवलेला लालभडक गोळा. नर्सरीवाले याला मून कॅक्टस म्हणतात. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, म्हणून तो लाल दिसतो आणि म्हणूनच त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. तो खालच्या खोडाच्या जिवावर जगतो, आणि ते खोड बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचं असतं. होय, ड्रॅगन फ्रूटसुद्धा कॅक्टसच. जतकडे त्याच्या बागा लावणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं.

पण या दोघांपैकी कोणालाही कापलं तरी आत निघतो तो पाणचट, बुळबुळीत रस. त्याने डोळा असा पेटत नाही. फोटोतलं खोड बुडाशी काळं पडून कुजलेलं होतं, एवढं मात्र दिसत होतं.

मी म्हटलं, "काकांना विचार, कापल्यावर हात चिकट झाला होता का?"

पलीकडे थोडं बोलणं झालं. मग ती म्हणाली, "हो म्हणतायत. पांढरं, फेविकॉलसारखं. थोडं उडालंही."

"मग त्यांनी फोटोतलं झाड कापलेलंच नाही. त्यांनी निवडुंग कापलाय."

"मॅडम, निवडुंग म्हणजेच कॅक्टस ना?"

या प्रश्नावर मी दरवर्षी वर्गात एक तास घालवते. आपल्या बोलण्यात, अगदी छापील मजकुरातही कॅक्टसला मराठी शब्द म्हणून निवडुंग सर्रास वापरला जातो. पण आपल्या बांधावरचा, कुंपणातला जुना निवडुंग, ज्याला थोर म्हणतात, संस्कृतात स्नुही, तो कॅक्टस नाहीच. तो एरंडाच्या कुळातला आहे. त्याच्या अंगात चीक असतो आणि तो चीक डोळ्यासाठी भयंकर.

"काटा शोधणं सोड. परत धू. भरपूर धू," मी म्हटलं. तिने आल्याबरोबर एकदा डोळा धुतला होता, पण काटा समजून जरा हलक्या हाताने. प्रॅक्टिकल सहकाऱ्याकडे सोपवून मी स्कूटरवरून निघाले. माझी तिथे गरज होती असं नाही, डॉक्टर ती होती. पण झाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव सांगायचं नाही, असं मीच तिला शिकवलं होतं.

काकूंनी तोवर शेजारच्या मुलाला घरी पिटाळून कुंपणातला तुकडा आणवला होता. पिशवीतून तो बाहेर काढला आणि शंका उरली नाही. बोटभर जाड, गोलसर खोड. त्यावर पीळ घेत चढणाऱ्या उंचवट्यांच्या पाच ओळी. प्रत्येक उंचवट्यावर आखूड काट्यांची एकच जोडी. शेंड्याला पावसाने फुटलेली मांसल पानं. कापलेल्या टोकावर चीक वाळून पिवळट झाला होता. याचं शास्त्रीय नाव युफोर्बिया नेरिफोलिया. नेरिफोलिया म्हणजे कण्हेरीसारख्या पानांचा. तासाभरापूर्वी माझी मुलं त्याच कण्हेरीची पानं चिरत होती.

मी काकूंना काटे दाखवले. कॅक्टसचा काटा कधीच नुसता खोडातून येत नाही. आधी लोकरीसारखी एक बारीक गादी असते आणि तिच्यातून काट्यांचा झुबका फुटतो. ही गादी दिसली की कॅक्टस. नुसती काट्यांची जोडी आणि गादी नाही, तर बहुधा युफोर्बिया. चीक पाहून ठरवू नये, कारण मॅमिलेरिया या खऱ्या कॅक्टसच्या काही जातींतही पांढरा चीक असतो. गादीची खूण मात्र फसवत नाही.

मग काय घडलं ते काकांनी एका डोळ्यावर रुमाल धरून सांगितलं. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये पेंटर होते. निवृत्त झाल्यावर गच्चीत शे-सव्वाशे कुंड्या जमवल्या. मून कॅक्टसचं बूड पावसाने कुजलं. वरचा लाल गोळा अजून टणक होता, तो वाचवायचा होता. कलम पाहून पाहून कळलेलं. खालचं खोड बदलायचं, एवढंच. मग कधीही न मरणारं खोड कोणतं? कुंपणातला निवडुंग. तोही कॅक्टसच की! म्हणून सकाळी दहाला फांदी विळ्याने छाटली, चीक उडाला, त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने डोळा पुसला आणि त्याच हाताला चीक होता. आधी नुसतं चुरचुरलं. गुलाबपाणी घातलं. दुपारी डोळा उघडेनासा झाला, तेव्हा काकूंनी रिक्षा बोलावली.

हे वाढत जाणं या चिकाचं लक्षणच आहे. सुरुवातीला फारसं काही वाटत नाही, माणूस बेसावध राहतो आणि मग काही तासांनी बुबुळाचा वरचा नाजूक थर सुटायला लागतो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात रंग घालून निळ्या प्रकाशात मला दाखवलं. बुबुळाच्या खालच्या भागात हिरवा चकाकणारा डाग होता, एखाद्या बेटाच्या नकाशासारखा. तेवढं कातडं सोलवटलं होतं. या चिकावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. धुणं हेच पहिलं औषध, आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं. सकाळी दहाला नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धरला असता तर संध्याकाळ एवढी वाईट गेली नसती. सलाईनच्या बाटल्या रित्या झाल्या. थेंब सुरू झाले, आणि रोज येऊन दाखवायचं ठरलं.

काकांनी जाताना विचारलं, "पण मॅडम, ते कलम लागलं असतं का?"

नसतं लागलं. कलम जवळच्या नात्यातच लागतं. कॅक्टस मुळात अमेरिका खंडाचे. एकच जात तेवढी आफ्रिका आणि श्रीलंकेत आपोआप वाढते. युफोर्बियांचं घराणं वेगळं, जगभर पसरलेलं, जाती दोन हजारांच्या आसपास. दुष्काळाने दोघांनाही एकाच घाटाचं केलं, पानं टाकायला लावली, खोडात पाणी साठवायला लावलं. दिसायला सारखे झाले म्हणून रक्त एक झालं नाही. बाजारात "कोरल कॅक्टस" म्हणून झालरीच्या आकाराचं जे झाड मिळतं, त्यातलं वरचं आणि खालचं दोन्ही युफोर्बियाच असतं, आणि खालचं खोड तर चक्क आपला हाच निवडुंग. तिथे कलम लागतं कारण ते भाऊबंद आहेत. नावात कॅक्टस लिहून विकतात याचा मला मनापासून राग येतो. नाव चुकलं की पाणी चुकतं, माती चुकते, आणि त्या दिवशी तर डोळा जाता जाता राहिला.

दहा-बारा दिवसांनी डाग भरून आला. मग एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. गच्चीवर पाऊस थेट कुंड्यांत पडत होता, ते पाहून माझा जीव कासावीस झाला. त्या दुपारी आम्ही निम्म्या कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली हलवल्या. काळ्या मातीत लावलेले कॅक्टस काढून मुळं पाहिली, कुजलेली छाटली, आठवडाभर सुकायला ठेवली. जाड वाळू, विटांचे तुकडे आणि थोडं कुजलेलं शेणखत, एवढ्यावर ही झाडं खूश असतात. कॅक्टस दिवसा श्वासाची दारं मिटून ठेवतो आणि रात्री उघडतो. त्याला आपल्या श्रावणातल्या सततच्या ओलीचा उपयोग नाही.

खाली ओसरीवर काकांच्या आई बसल्या होत्या, चौऱ्याऐंशीच्या. घरात निवडुंग मुळासकट उपटायची भाषा चालली होती आणि त्या एकट्या विरोधात होत्या.

"बाई, तुम्हीच सांगा यांना. पोरांच्या खोकल्याला त्याचंच पान विस्तवावर शेकून पिळायचो आम्ही."

मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांना खोटं पाडायला मी आले नव्हते. शेकलेल्या पानाचा हा उपाय मी सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी आज्यांकडून ऐकलाय. आयुर्वेदात स्नुहीचं नाव मोठं आहे. भगंदरावरच्या क्षारसूत्राच्या दोऱ्याला एकवीस पुटं देतात आणि एकवीसही पुटांत हाच चीक असतो. त्यातली अकरा नुसत्या चिकाची, सात अपामार्गाच्या, म्हणजे आघाड्याच्या, क्षारासह, तीन हळदीसह. पण त्याच ग्रंथांनी त्याला तीक्ष्ण रेचकही म्हटलंय. हे मी आजींना सांगितलं, आणि आता नातवंडांना हे पान देऊ नका, असंही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चिकाचं भ्या आम्हालाबी होतं. कापायचं झालं तर वाऱ्याकडं पाठ करून कापायचं, आणि घरी येऊन राखेनं हात घासायचे. ह्याला कुणी सांगितलंच नाही."

मला त्या वाक्याने गलबलून आलं. पान शेकायची रीत घरात उरली होती, आणि वाऱ्याकडे पाठ करायची रीत मधल्या एका पिढीत गळून गेली होती.

आजींना फड्या निवडुंगाचीही आठवण होती. सासरे सांगायचे, एकेकाळी गावाभोवती फड्याची रानं होती, मग किडा पडला आणि सगळं गेलं. ते खरं आहे. फड्या हा मात्र अस्सल कॅक्टस, अमेरिकेतून आलेला. 1926 साली त्याचा नायनाट करण्यासाठी श्रीलंकेतून एक कोचिनील जातीचा किडा मुद्दाम आणून सोडला होता. "चिरडला की लाल रंग निघायचा म्हणे," आजी म्हणाल्या. त्या किड्याचं याहून नेमकं वर्णन मी पुस्तकातून वाचून दाखवू शकले नसते.

कुंपण राहिलं. हातमोजे, चष्मा आणि छाटणी फक्त काकांनी करायची, या अटीवर.

उरला तो लाल गोळा. काकूंनी तो इतके दिवस वर्तमानपत्रावर कोरडा ठेवला होता. थोडा सुरकुतला होता, पण जिवंत. पावसाळ्यात कलम करू नये, हवेतल्या ओलीने जखम कुजते. पण स्वतःचं अन्न न करणारा गोळा दसऱ्यापर्यंत थांबला नसता. शेजाऱ्यांच्या ओळखीतून ड्रॅगन फ्रूटची एक फांदी आली होती. स्वयंपाकघरात पंख्याखाली बसून स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने मी खोड आडवं कापलं, धारांच्या कडा तासल्या, गोळ्याचा तळ सपाट केला. दोन्ही कापांच्या मध्यभागी फिकट रंगाचं एक कडं दिसतं, झाडाच्या रसवाहिन्यांचं. काका चष्मा लावून वाकून पाहत होते. मी कडी त्यांना दाखवली. गोळ्याचं कडं मोठं होतं, खोडाचं लहान. म्हणून गोळा थोडा बाजूला सरकवला, म्हणजे दोन्ही कडी कुठेतरी एकमेकांना छेदतील. वरून कुंडीच्या बुडापर्यंत दोन रबर ताणून लावले.

दहाव्या दिवशी काकूंचा फोटो आला. रबर सुटले होते आणि गोळा जागच्या जागी, सुरकुत्या निघून टणक. फोटोच्या कोपऱ्यात कुंपणाचा भाग दिसत होता. काकांनी तिथे एका फरशीच्या तुकड्यावर, एसटीच्या पाट्या रंगवायचे त्याच वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: "निवडुंग. चीक आहे. वाऱ्याकडे पाठ करा."