वहीतला शेवटचा रकाना

ऑगस्ट २०१७ मध्ये मी दोनशे पानी वहीत पहिली नोंद केली, तेव्हा रकाने चारच होते : तारीख, अंतर, वेळ आणि शेरा. पाचवा रकाना २०२० च्या जानेवारीत, मुंबईहून पुण्याला परतताना हलत्या गाडीत आखला, त्यामुळे त्याची रेघ आजही वाकडी आहे. त्याचे नाव 'तीसनंतर'. पूर्ण मॅरेथॉनचे पहिले ३० किलोमीटर किती वेळात झाले आणि उरलेल्या १२.१९५ किलोमीटरना किती वेळ लागला, एवढेच त्यात असते. आपण खरोखर सुधारलो की केवळ जास्त जोरात सुटलो, हे मला एकूण वेळेपेक्षा या रकान्यातून अधिक नेमके कळत आले आहे, म्हणून सहा मुंबई मॅरेथॉनची ही हकिगत त्याच्याच आधाराने लिहीत आहे.

मी बँकेत नोकरी करते. धावायला लागले तेव्हा वय ३६ होते आणि शाळेत असताना खेळाच्या तासाला मी झाडाखाली बसणाऱ्यांपैकी होते. पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला कसेबसे ३० किलोमीटर होत असत आणि त्या संपूर्ण तयारीतली सर्वांत लांब धाव २४ किलोमीटरची होती. जानेवारी २०१८ मध्ये पहिली मॅरेथॉन ५ तास २१ मिनिटांत संपली. त्यात पहिल्या ३० किलोमीटरना ३ तास २२ मिनिटे लागली आणि पुढच्या बाराला तब्बल १ तास ५९ मिनिटे. हे आकडे मी नंतर प्रमाणपत्रावरून काढून वहीत भरले, कारण त्या दिवशी पदकापलीकडे काही दिसत नव्हते. दुसऱ्या वर्षी आठवड्याचे अंतर ४० वर नेले, २८ ते ३० किलोमीटरच्या तीन धावा केल्या आणि ४ तास ५२ मिनिटे लागली. नवख्या धावपटूची ही सुधारणा जवळजवळ आपोआप होते. तिचे फारसे श्रेय घेण्यात अर्थ नसतो, पण मी ते पुरेपूर घेतले.

त्याचा परिणाम २०२० मध्ये दिसला. आदल्या पावसाळ्यात सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावले होते. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागला नाही, याचा मला मोठा अभिमान वाटला. उतरताना मांडीच्या स्नायूंना लांबत लांबत भार पेलावा लागतो आणि खरी मोडतोड तिथे होते, हे पुढचे चार दिवस घरचा जिना उलट्या पावलांनी उतरताना समजले. तरीही आत्मविश्वास कायम होता. मुंबईत मी सव्वाचार तासांच्या पेसरच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत शर्यत संपवून देणाऱ्या वाटाड्या धावपटूच्या, घोळक्यात शिरले, अर्धे अंतर २ तास ३ मिनिटांत झाले, सागरी सेतूवर वारा होता, अंगात बळ होते, आणि ३० किलोमीटरची पाटी २ तास ५७ मिनिटांनी मागे पडली. म्हणजे आदल्या वर्षापेक्षा पंधरा मिनिटे आधी. हाजी अलीच्या अलीकडे उजव्या पोटरीत गोळा आला आणि थोड्याच वेळात डावीतही. रस्त्याच्या कडेला एक आजी स्टीलच्या ताटात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मीठ लावून घेऊन उभ्या होत्या. मी फूटपाथवर टेकणार तोच त्या म्हणाल्या, "बसू नकोस गं, बसलीस की संपलं. चालत चालत खा." पेडर रोडचा परतीचा चढ मी पूर्ण चालत चढले. शेवटच्या १२ किलोमीटरना २ तास १ मिनिट, एकूण ४ तास ५८ मिनिटे. आदल्या वर्षीपेक्षा ३० किलोमीटरला पंधरा मिनिटे पुढे असलेली बाई अंतिम रेषेवर सहा मिनिटे मागे होती. हाच तो दिवस, ज्या दिवशी पाचवा रकाना आखला.

या गणिताचे कारण अनेकांना माहीत असेल, तरी ते माझ्या आकड्यांत मांडते. सपाट रस्त्यावर धावताना शरीर दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च करते. माझे वजन ५८ किलो, म्हणजे मॅरेथॉनचा खर्च २४०० च्या वर जातो. स्नायू आणि यकृत यांत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, या सगळ्याला पुरत नाही. उरलेली ऊर्जा चरबीतून यावी लागते, आणि आपण जितके जोरात धावतो तितका चरबीचा वाटा घटून ग्लायकोजेनचा वाढतो. पहिल्या अर्ध्या टप्प्यात मिळवलेले प्रत्येक मिनिट मी त्याच साठ्यातून उचलले होते; बँकेत आयुष्य काढूनही हा व्यवहार माझ्या ध्यानात आला नव्हता. त्यातच माझी रोजची धाव एकाच वेगाची असे : निवांत म्हणावी तर दमवणारी, कठीण म्हणावी तर अपुरी. तीन वर्षे मी याच मधल्या पट्ट्यात धावत होते.

पुढची दोन वर्षे मुंबईत मॅरेथॉन झालीच नाही. टाळेबंदीत सोसायटीच्या वाहनतळात फेऱ्या मारल्या. सतत एकाच दिशेने वळण घेऊन त्यात टाच दुखू लागली : सकाळी पलंगावरून पहिले पाऊल टेकवताना खिळा रुतावा तशी वेदना, आणि दहा मिनिटांनी जणू काही नव्हतेच. प्लांटर फॅशिआयटिसची ही ओळख ज्यांना झाली आहे त्यांना अधिक सांगायला नको. जिन्याच्या पायरीवर एका पायाने टाच उचलणे, पंधरा-पंधराचे तीन संच, एक दिवसाआड, असे पाच महिने केले तेव्हा ती गेली. सूर्यनमस्कार घातले की वेगळ्या व्यायामाची गरज नाही असे आमच्या गटात काही जण सांगतात. सूर्यनमस्कार मीही घालते, पण पोटरीला जो भार धावताना सोसावा लागतो तो त्यांतून मिळत नाही, असे माझे अनुभवाचे मत आहे.

त्याच काळात सततच्या थकव्यामुळे रक्ततपासणी केली. हिमोग्लोबिन चालण्यासारखे होते, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, अगदी तळाला होता, आणि शाकाहारी घरांत नेहमी आढळते तसे ब-१२ सुद्धा कमी. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह सुरू झाले, आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद झाला, कारण चहातील घटक लोहाचे शोषण रोखतात. सकाळचा चहा तासभर पुढे ढकलणे हा माझ्या सगळ्या प्रशिक्षणातला सर्वांत अवघड भाग होता, हे प्रामाणिकपणे नोंदवते. धावणाऱ्या मैत्रिणींनी केवळ हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नये, एवढीच विनंती.

मुख्य बदल मात्र वेगात केला, आणि तो उलट्या दिशेने. आठवड्यातल्या पाच धावांपैकी चार इतक्या संथ करायच्या की एकोणतीसचा पाढा मोठ्याने, न धापता म्हणता आला पाहिजे, असा नियम घालून घेतला. एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट म्हणेपर्यंत श्वास तुटला, तर वेग कमी करायचा. पहिले दोन महिने ही शिक्षा होती. हृदयाचे ठोके १४० च्या आत ठेवायचे तर किलोमीटरला ८ मिनिटे १० सेकंद लागत आणि टेकडीच्या वाटेवर फिरायला आलेले काका सहज पुढे निघून जात. एका काकांनी तर मागे वळून, "पाय दुखतोय का?" अशी चौकशीही केली. परंतु त्याच १४० ठोक्यांवर २०२२ च्या दिवाळीत ७ मिनिटे २० सेकंद आले आणि २०२४ च्या दिवाळीत ६ मिनिटे ४५ सेकंद. पाचवी धाव खरोखर कठीण : कधी वीस-वीस मिनिटांचे दोन टेम्पो, म्हणजे सलग, जेमतेम झेपेल अशा वेगाचे टप्पे, कधी एक-एक किलोमीटरचे सहा इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत मारलेले जोरदार टप्पे. संथ धावल्यामुळे पाय ताजे राहिले, म्हणून आठवड्याचे अंतर ५० आणि पुढे ६५ पर्यंत नेता आले. मार्चअखेरचे तीन आठवडे वगळता, कारण त्या दिवसांत बँकेतली माणसे घरी केवळ झोपायला येतात.

जानेवारी २०२३ मध्ये ३० किलोमीटर ३ तास १० मिनिटांत झाले आणि उरलेले १ तास २५ मिनिटांत. एकूण ४ तास ३५. त्या वर्षी मी पहिल्यांदा पेडर रोड धावत चढले. २०२४ मध्ये ३ तास १ मिनिट आणि १ तास १८ मिनिटे, एकूण ४ तास १९. पाचव्या रकान्याकडे पाहा : २०२० शी तुलना केली तर ३० किलोमीटरला मी त्याही वर्षी चार मिनिटे मागेच होते, पण पुढच्या बारा किलोमीटरमध्ये ४३ मिनिटे वाचली.

पुणेकरांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. जानेवारीत आपल्याकडे पहाटे दहा-बारा अंशांत धाव होते आणि हवा कोरडी असते. तोच वेग मुंबईच्या दमटपणात टिकेल असे गृहीत धरणे ही आमच्या गटातील जवळजवळ प्रत्येकाची पहिली चूक. दमट हवेत घाम वाळत नाही, केवळ गळतो, आणि वाळल्याशिवाय तो शरीर थंड करत नाही. त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, रक्तातले पाणीही घटत जाते, आणि वेग तोच असूनही ठोके चढत राहतात. शिवाय पहाटे सुटलो तरी तिसाव्या किलोमीटरपर्यंत आमच्यासारख्यांच्या डोक्यावर ऊन येतेच. म्हणून २०२३ पासून ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या चार लांब धावा मी मुद्दाम उशिरा, सकाळी सात वाजता खडकवासल्याच्या रस्त्यावर सुरू करते, आणि मुंबईत पुण्याच्या वेगात किलोमीटरमागे दहा सेकंद मिळवूनच हिशोब करते.

खाण्याचे प्रयोग लांबवत नाही. चिक्की कोरड्या तोंडात चावता येत नाही, आलेपाक घामाने खिशात वितळून कापडाला चिकटतो, आणि खजुराची बी कुठे टाकायची हा प्रश्न पडतो. अखेर जेलवर, म्हणजे पाकिटातल्या साखरेच्या दाट पाकावर, आले : दर सात किलोमीटरला एक, आणि सोबत पाणी, कधीही इलेक्ट्रॉल नव्हे, कारण दोन्ही एकत्र घेतले की माझे पोट बिघडते. हे प्रत्येकाने लांब धावेतच तपासावे.

धावताना मिनिटाला १८० पावले पडलीच पाहिजेत, या नियमापायी मात्र माझे चार महिने फुकट गेले. प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील धावपटूंची पावले मोजली आणि जवळजवळ सगळ्यांची १८० च्या वर भरली, तिथून हा आकडा प्रसिद्ध झाला. ते जगातले सर्वोत्तम धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगात होते. सात मिनिटांच्या किलोमीटरला ती संख्या लादून मी केवळ पोटऱ्या दुखवून घेतल्या. वेग वाढला तशी माझी पावले १६२ वरून १७२ वर आपसूक आली.

आता २०२५ विषयी. आदल्या डिसेंबरमध्ये अर्धमॅरेथॉन १ तास ५२ मिनिटांत झाली होती. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराच्या वेळेचा अंदाज देणाऱ्या पीटर रीगल यांच्या सूत्रानुसार अंतर दुप्पट झाले की वेळ सुमारे २.०८५ पट होते, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन ३ तास ५४ च्या आत यायला हवी. सूत्र पूर्ण अंतराची तयारी गृहीत धरते आणि आठवड्याला ६५ किलोमीटर ही माझ्या मते तेवढी तयारी नव्हे. मी चार तासांचे लक्ष्य ठेवले : किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद. मनगटावरचे घड्याळ सरासरी ५:४१ दाखवत राहिले. सागरी सेतूवर, माहीमला, पेडर रोड उतरताना, मरीन ड्राइव्हवर, सगळीकडे ५:४१. सीएसएमटीला कमान दिसली तेव्हा कमानीवरच्या घड्याळात चार तास उलटून गेले होते आणि मला क्षणभर वाटले की आयोजकांचे घड्याळ चुकले आहे. माझी वेळ ४ तास ३ मिनिटे. माझ्या घड्याळात अंतर होते ४२.७ किलोमीटर.

मार्ग मोजताना प्रत्येक वळणाची सर्वांत जवळची रेषा धरून मोजतात. मी गर्दी टाळायला कडेने, पाण्याच्या टेबलांकडे तिरपी, वळणांवर बाहेरून अशी धावत गेले आणि पाचशे मीटर जास्त धावले. घड्याळ खोटे बोलत नव्हते, ते माझ्या वाटेचा वेग सांगत होते. दर पाच किलोमीटरच्या पाटीवर वेळ पाहिली असती तर दहाव्या किलोमीटरलाच तफावत दिसली असती.

तरी पाचव्या रकान्यात लिहिले आहे : ३० पर्यंत २ तास ५२, तीसनंतर १ तास ११. पहिल्या टप्प्याचा वेग ५:४४, दुसऱ्याचा ५:४९. किलोमीटरमागे पाच सेकंदांचा फरक. २०१८ मध्ये तो तीन मिनिटांचा होता. हे पान मी घरात सगळ्यांना दाखवले. आईने चष्मा लावून वाचले आणि विचारले, "मग आता थांबणार का?"

पुढच्या हंगामासाठी पाट्यांच्या वेळा मनगटावर पट्टीने चिकटवण्याचे आणि आठवड्याचे अंतर ७५ पर्यंत नेण्याचे ठरवले आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता खडकवासल्याच्या रस्त्यावर ३० किलोमीटरची धाव सुरू होईल. सोबत यायचे असेल त्यांनी एकोणतीसचा पाढा पाठ करून यावे.