पाणी घड्याळावर नको, नंबरावर प्या

'भरपूर पाणी पिऊन अकराला या.' सोलापुरातल्या त्या सेंटरच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं. अण्णांच्या लघवीच्या पिशवीतल्या गाठीचा एमआरआय होता. ते घरूनच लिटरभर पाणी पिऊन निघाले, आणि नंबर लागला दीडला! बारालाच त्यांना राहवेना. जाऊन आले, आणि रिकाम्या पिशवीवरच एमआरआय उरकला. रिपोर्ट आला : पिशवी पुरेशी फुगलेली नाही, गाठ पिशवीच्या भिंतीतल्या स्नायूत शिरली की नाही ते ठाम सांगता येत नाही. अहो, तेवढंच तर बघायचं होतं!

लघवीची पिशवी रिकामी असली की आकसते, भिंत जाड दिसते, घडी कुठली नि गाठ कुठली कळत नाही. तट्ट भरली तर माणूस चुळबुळतो आणि चित्रं हलतात. साधारण 300 मिली भरलेली बरी. दुसऱ्या खेपेला मी काउंटरवर एकच विचारत राहिलो, 'आत्ता मशीनवर कोण आहे, अजून किती वेळ?' एकेकाला अर्धा-पाऊण तास लागतो. आपल्या नंबराच्या अर्धा तास आधी अर्धा ते एक लिटर पाणी. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टर सांगतील. लघवीची नळी लावलेली असेल तर ती कधी बंद करायची हेही आधी विचारा. पहिल्या चित्रात पिशवी कमी भरलेली दिसली तर थोडं थांबून पुन्हा घ्या, असं टेक्निशियनला आधीच सांगून ठेवा. खरं तर हे त्यानंच बघायला हवं.

क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत हवा, कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र ठळक करणारं इंजेक्शन असतं. अंगात पेसमेकर, क्लिप, रॉड असेल तर नाव नोंदवतानाच सांगा.

रिपोर्टात 'व्हाय-रॅड्स' आकडा मागा, म्हणजे गाठ स्नायूत शिरल्याची शक्यता सांगणारा 1 ते 5 मधला आकडा. ही पद्धत 2018 ची. 1-2 म्हणजे स्नायूत शिरल्याची शक्यता कमी, 4-5 म्हणजे जास्त, 3 म्हणजे अधांतरी. पिशवी काढायची का, आधी केमो द्यायची का, हे बरंचसं स्नायूवर ठरतं. तरी दुर्बिणीतून तुकडा काढून तपासणं चुकत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं : एमआरआय दुर्बिणीतून गाठ खरवडण्याच्या आधीच करा. खरवडल्यावरची सूज गाठीसारखी दिसते, मग निदान दोन आठवडे थांबावं लागतं. जुनी सोनोग्राफीही न्या. गाठ कुठल्या बाजूला आहे ते रेडिओलॉजिस्टला त्यातून कळतं.