आतून कडी

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५. रात्री साडेबारा.

घरात सगळे झोपलेत. सासूबाई हॉलमधल्या दिवाणावर, मुलगा त्याच्या खोलीत, आणि तो आमच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. मी ओट्यापाशी स्टूल ओढून बसलेय. हे लिहायचं गेले दोन महिने टाळत होते.

आमच्या खोलीला दार आहे. दाराला आतून कडी आहे. लग्नाला १८ वर्षं झाली, तेव्हा कुठे ती मिळाली.

वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची होती. त्यात सासू-सासरे, धाकटा दीर, आम्ही दोघं आणि पुढे मुलगा. २००७ साली लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी आपली वळकटी उचलून बाहेर पॅसेजमध्ये टाकली. त्यांच्या शेजारी दीर. सासूबाई मोरीच्या बाजूला, कपाटाच्या आडोशाला. मध्ये जुन्या साडीचा पडदा. बांगड्या वाजू नयेत म्हणून मी रात्री त्या काढून उशीखाली ठेवायचे. मजल्यावर प्रत्येक घरात हीच तऱ्हा. सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं आणि कुणी त्यावर शब्द काढायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी सासूबाई नातवाला घेऊन जांबोरी मैदानावर जायच्या. चपला घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "दीड तास तरी लागेल गं आम्हाला." त्या बाईचे माझ्यावर फार उपकार आहेत. आम्ही एकमेकींशी या विषयावर एक अक्षर बोललो नाही, पण तिला कळायचं आणि ती जागा करून द्यायची. आजही ते आठवलं की डोळे भरून येतात.

खोलीत मी त्याला "अहो" म्हणायचे. "तू" फक्त सीफेसवर. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या जोडप्यांच्या रांगेत आमचीही जागा ठरलेली होती. लग्न झालेलं असूनही आम्ही तिथं चोरून भेटल्यासारखे बसायचो. पावसाळ्यात लाट कठड्यावरून अंगावर यायची आणि एका छत्रीत दोघंही चिंब व्हायचो. तेव्हा त्याचा हात माझ्या पाठीवर असायचा. नुसता असायचा, कशासाठी तरी ठेवलेला नसायचा.

नंतर त्याच्या शिफ्ट सुरू झाल्या, सासऱ्यांचं आजारपण आलं, मुलगा मोठा होत गेला. चाळ पाडून नवी इमारत होईपर्यंत मिळालेल्या ट्रान्झिटच्या घरातही एकच खोली. जवळ येणं हळूहळू कमी झालं आणि मी मनाची समजूत घालत राहिले, जागा कुठे आहे? नवीन घर होऊ दे, मग बघू. त्याला कितीदा तरी हसत म्हटलं असेन, "दार मिळू दे एकदा." तोही हसायचा.

यंदा ऑगस्टमध्ये चाव्यांचं वाटप झालं. ५०० चौरस फूट, दोन बेडरूम. दसऱ्याला राहायला आलो. आज ५९ दिवस झाले. एकदाही नाही.

आकडा इतका चोख माहीत आहे, कारण मी मोजते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सासूबाई दुधाचा हिशोब लिहितात. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात मी पेन्सिलनं बारीक ठिपका देते. आत्ता पानं उलटून पाहिली. नोव्हेंबर कोरा, ऑक्टोबर कोरा. जुलैत एक ठिपका, एप्रिलमध्ये एक. म्हणजे दार नव्हतं तेव्हाही फारसं काही नव्हतंच. इतकी वर्षं मी सगळा दोष त्या १६० फुटांच्या माथी मारला. आता मारायला काही उरलं नाही.

पतपेढीत माझ्या शेजारच्या टेबलावर जी बसते, तिला परवा डबा खाताना अर्धवट सांगितलं. ती म्हणाली, "सुटलीस की मग! आमच्याकडे बघ." तिच्याकडे उलटं आहे आणि तिचा त्रास मला कळतो. पण मला सुटायचं नाहीये. मी ४३ वर्षांची आहे आणि मला माझा नवरा हवा असतो. पुरुषाला हवं असतं आणि बाई टाळते, असंच सगळे धरून चालतात. उलटं असलं तर बाईनं कुणाला सांगायचं? माझ्यातच काही कमी असेल, मी जाड झाले, माझ्या अंगाला फोडणीचा वास येतो, त्याचं बाहेर कुठे असेल, असं सगळं सगळं मनात येऊन गेलंय. रडून झालंय. भांडून झालंय, तेही कुजबुजत, कारण हॉलमध्ये सासूबाई.

याच मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढायचे, १९२७ पासून १९५३ साली जाईपर्यंत. लोक त्यांना पत्रं लिहून असलेच प्रश्न विचारायचे आणि ते सरळ उत्तरं छापायचे. त्या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी खटला हरले. आमच्या चाळी त्याच्या आधीच्या दशकात बांधलेल्या. चाळीतल्या कुणी तेव्हा पत्र पाठवलं असेल का? पडद्याआड झोपणाऱ्या एखादीनं? मला आज असं पत्र पाठवायला कुणीतरी हवंय.

बुधवार, १७ डिसेंबर

आज त्याची साप्ताहिक सुट्टी. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि म्हटलं, चल, सीफेसला जाऊ. "चल" म्हटलं. त्यानं चमकून पाहिलं, पण आला.

अंथरुणात हा विषय काढायचा नाही, एवढं मी ठरवून गेले होते. आजवरची आमची सगळी भांडणं अंथरुणात झाली, दिवा मालवल्यावर, नकार ताजा असताना. आज दुपारचे चार, ऊन, पुढ्यात समुद्र. शेजारी शेजारी बसलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, ते बरं पडतं.

मी म्हटलं, मला एवढंच सांग, मी तुला नकोशी झालेय का?

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू कुशीवर वळलीस ना, की मला कळतं तू मोजतेयस."

मला वाटत होतं त्याला काहीच कळत नाही.

मग हळूहळू बोलला. तीन वर्षांपूर्वी दोनदा-तीनदा जमलं नव्हतं. मी विसरूनही गेले होते, तो विसरला नव्हता. तेव्हापासून माझा हात खांद्यावर आला की त्याच्या डोक्यात आधी हाच प्रश्न, आज जमेल का? जमणार नाही असं वाटलं की तो हातच सरकवतो. म्हणून कुशीत घेणं बंद. म्हणून जाता-येता पाठीवर हात ठेवणं बंद. "हात ठेवला की तुला वाटणार, आज आहे. आणि नसलं की तू रडणार. मग नकोच." आणि हेही म्हणाला, "खरं सांगू का, मला तुझ्याइतकं वाटतच नाही. पूर्वीही नव्हतं. तू नाराज होशील म्हणून मी ओढून आणायचो."

हे शेवटचं ऐकताना फार लागलं. अजून लागतंय. सीफेसवरच्या त्या दिवसांतही? विचारलं. म्हणाला, "तेव्हा खरं होतं गं. पण रोजच्या रोज नव्हतं." आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. उठताना मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, याचा काही अर्थ नाही, नुसता धरलाय. त्यानं सोडवला नाही.

रात्री कॅलेंडरवरचे ठिपके खोडरबरनं पुसले. सगळे, जानेवारीपासूनचे.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

रिपोर्ट आले. त्याला सहा वर्षांपासून शुगर आहे आणि शिफ्टमुळे गोळ्यांच्या वेळा कधीच सांभाळल्या जात नाहीत. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.९, वाढलेलीच. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, त्यामुळे ताठरपणा कमी होतो. म्हणजे त्याचं "जमत नाही" याला शरीरातलं कारण होतं आणि मी ते माझ्या रूपावर घेत होते. पण ताठरपणा आणि इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी, हेही त्यांनी सांगितलं. इच्छेसाठी टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स तपासली. टेस्टोस्टेरॉन सकाळीच तपासावं लागतं, तेव्हा ते सर्वांत जास्त असतं. म्हणून नाइट करून आला तसा न झोपता सात वाजता रक्त द्यायला निघाला होता. मी म्हटलं, आज नको, सुट्टीच्या दिवशी झोप काढून जाऊ.

तिन्ही नॉर्मल.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. काहीतरी कमी निघालं असतं तर औषध मिळालं असतं आणि तो माझ्यासारखा झाला असता. आता कळलं की तो असाच आहे. त्याची भूक लहान आहे, माझी मोठी आहे, आणि दोघांतलं आजारी कुणीच नाही. शुगर मात्र खाली आणायचीच. रात्रपाळीच्या डब्यातला भात आजपासून बंद.

रविवार, ८ फेब्रुवारी

डॉक्टरांनी परळच्या ओपीडीत समुपदेशक बाईंकडे पाठवलं होतं, त्याला आता पाच आठवडे झाले. केसपेपर हातात धरून बाकावर बसलो होतो तेव्हा ओळखीचं कुणी दिसेल या धाकानं मी पदर डोक्यावरून घेतला होता.

बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, सहा आठवडे संबंध ठेवायचा नाही. मला रागच आला. आमच्याकडे आहे कुठे, जे बंद करायचं? त्या शांतपणे म्हणाल्या, असू दे, तरी बंद. आठवड्यातून दोनदा दार लावायचं, वीस मिनिटं एकानं दुसऱ्याला नुसता स्पर्श करायचा, मग अदलाबदल. पाठ, हात, केस, पावलं. नाजूक भाग सुरुवातीला वर्ज्य. समोरच्याला खूश करायचं म्हणून करायचं नाही, आपल्या हाताला काय लागतंय तेवढंच बघायचं. ही पद्धत मास्टर्स आणि जॉन्सन नावाच्या अमेरिकेतल्या जोडीनं बसवली आणि १९७० पासून जगभर वापरली जाते, असं त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी दोघांनाही लाज वाटली. १८ वर्षांचा संसार, एक मुलगा, आणि एकमेकांची पाठ चाचपताना लाज. त्याच्या डाव्या खांद्याखाली भाजल्याचा एक जुना डाग आहे, तो मला माहीतच नव्हता. कामावर वाफ लागली होती म्हणाला, २०१४ मध्ये. म्हणजे इतकी वर्षं मी त्याची पाठ उजेडात पाहिलीच नव्हती. दिवा लावायला जागाच कुठे होती तेव्हा?

तिसऱ्या आठवड्यात एक बदल दिसला. मी ओट्याशी भाकऱ्या थापत होते. तो मागून आला, पाठीवर हात ठेवला, पाण्याची बाटली घेतली आणि गेला. एवढंच. सासूबाई समोर मटार सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी तशीच उभी राहिले. तव्यावरची भाकरी करपली.

बंदी होती म्हणून तो येऊ शकला. पुढे काही करावं लागणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी आणखी एक सांगितलं. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलंय की इच्छा नेहमी आधी येतेच असं नाही. पुष्कळांना ती स्पर्श सुरू झाल्यावर, जवळीक रुजल्यावर मागाहून येते. त्यांनी ते बायकांबद्दल लिहिलंय. आमच्या घरात ते त्याला लागू पडतं. मी आधीच पेटलेली असते आणि तो थंड दिसला की मला तो नकार वाटतो. तो खरं तर अजून सुरूच झालेला नसतो. पण याचा अर्थ असाही नाही की सुरू केलं की तो येईलच. काही वेळा नाही येत. तेव्हा थांबायचं, आणि थांबल्याचा राग धरायचा नाही. माझ्यासाठी हे फार अवघड आहे. बाईंनी मला एकटीलाही तासभर बसवलं आणि मोकळेपणानं सांगितलं की माझ्या शरीराची सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकायची गरज नाही, स्वतःचं स्वतः करण्यात काही गैर नाही. हे कुणीतरी तोंडानं म्हणेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

आमचं सगळं सुरळीत झालंय असं नाही. मागच्या बुधवारी मी पुन्हा भांडले. मला हवं तेवढं कधीच मिळणार नाही बहुतेक, आणि त्याचं मला दुःख आहे. ते दुःख मी आता त्याला सांगते, टोमणा न मारता सांगायला शिकतेय. तो ऐकतो. पूर्वी ऐकताना त्याचे हात छातीवर बांधलेले असायचे.

आज रात्री वीस मिनिटं झाली, अदलाबदल झाली. मला पुढे जावंसं वाटत होतं, बंदीचा आठवडा शिल्लक असला तरी. मी विचारलं. तो म्हणाला, "आज नको गं." पोटात तोच जुना खड्डा पडला. मी भिंतीकडे वळले. त्यानं उठून मोबाईल घेतला नाही, पाठही फिरवली नाही. माझ्या पाठीवरचा हात तिथंच ठेवून म्हणाला, "मोजतेयस का?"

"नाही," मी म्हटलं. "तू झोप."

झोपला. हात अजून तिथंच होता, तो अलगद बाजूला करून हे लिहायला उठले. उद्या त्याची फर्स्ट शिफ्ट, साडेचारचा गजर लावलाय. डब्याला मेथी निवडून ठेवायची राहिली.