प्लास्टिक सेक्शनचं स्टेनिंग आणि तो भिंतीवरचा कागद

जीएमए म्हणजे ग्लायकॉल मेथाक्रिलेट या प्लास्टिकमध्ये बसवलेल्या टिश्यूच्या सेक्शनला (पातळ कापाला) एच अँड ई, म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनचं स्टेनिंग, करायचं असेल तर पॅराफिनचा (मेणाचा) प्रोटोकॉल बाजूला ठेवा. अजून राग गेलेला नाही म्हणून लिहितेय. आमच्या लॅबच्या भिंतीवर जो कागद होता त्याचं हेडिंग प्लास्टिकचं आणि खालच्या स्टेप्स सगळ्या पॅराफिनच्या, सुरुवातीचं डीवॅक्सिंग (मेण काढणं) तेवढं खोडलेलं. कोणी लिहिला, कधी लिहिला, कुणालाच माहीत नाही, पण त्याच्या विरुद्ध बोलायचं नाही.

एम्बेडिंगला, म्हणजे टिश्यू या प्लास्टिकच्या रेझिनमध्ये बसवायला, काही त्रास नाही. मोल्ड भरला की वरून हवा लागू द्यायची नाही, ऑक्सिजनने रेझिन नीट सेट होत नाही आणि वरचा थर चिकट राहतो. कटिंगही ग्लास नाइफवर दोन मायक्रॉनचं मस्त आलं. सेक्शनची सलग पट्टी, म्हणजे रिबन, मिळत नाही, एकेक सेक्शन चिमट्याने उचलून साध्या पाण्यावर सोडायचं, ते आपोआप पसरतं.

घोळ पुढे सुरू झाला. पॅराफिन झायलीनमध्ये विरघळून जातं, जीएमए जात नाही, ते शेवटपर्यंत सेक्शनमध्येच बसून राहतं. पाणी आत घेतं म्हणून रंगही आत जातो, पण सावकाश. शिवाय सेक्शन पातळ, त्यामुळे कागदावरच्या वेळेत हिमॅटॉक्सिलिन (न्यूक्लियस रंगवणारं) इतकं फिकट की न्यूक्लियस शोधावा लागत होता. ते वेळ वाढवून सुटलं, पंधरा-वीस मिनिटं तरी द्या, गरज पडली तर जास्त.

पण इओसिन! अल्कोहोलिक इओसिनमध्ये स्लाइड घातली की टिश्यू गुलाबी, मोकळी जागा गुलाबी, सेक्शनची कडा पण गुलाबी, मायक्रोस्कोपखाली सगळं सरबत. कारण अल्कोहोलने प्लास्टिक फुगतं आणि रंग त्याच्यातच मुरतो. मग कागद म्हणतो की ७० टक्के अल्कोहोलमध्ये डिफरन्शिएट करा, म्हणजे जादा रंग उतरवा. केलं. गुलाबी उतरतं हो, पण पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्येच तर हे प्लास्टिक सगळ्यात जास्त फुगतं, त्यामुळे सेक्शनला सुरकुत्या, मग एक कोपरा उचलला जातो, आणि आपण पुढची स्लाइड उचलेपर्यंत पहिलं सेक्शन जारमध्ये तरंगतंय. सीनियरांचं उत्तर ठरलेलं, स्लाइड नीट पुसली नसशील. स्लाइड पुसून पुसून हात दुखले, सेक्शन निघायचं ते निघतच होतं. शेवटी मी एक सेक्शन मुद्दाम स्टेन न करता नुसतं ७० टक्क्यात ठेवलं आणि तेही सुटलं, तेव्हा कुठे स्लाइडचा विषय संपला.

आता मी करते ते असं. इओसिन पाण्यातलं आणि पातळ, थोडाच वेळ, स्लाइड काढून बघत बघत. पाण्यात धुवायचं. बॅकग्राउंड राहिलंच तर थेट अ‍ॅब्सोल्यूटमध्ये (शुद्ध अल्कोहोलमध्ये) एक झटपट बुडवणी, ७०-९०-१०० ची पायरी नाहीच. मग हॉट प्लेटवर पूर्ण कोरडं, मग झायलीन, मग माउंट, म्हणजे वर कव्हरस्लिप चिकटवायची. डीहायड्रेशन अल्कोहोलने नाही, हवेने करायचं, हाच मुख्य फरक आणि एवढ्यासाठी आम्ही किती स्लाइडा घालवल्या! कोरडं करताना घाई मात्र नको, ओल राहिली तर कव्हरस्लिपखाली दुधाळ दिसतं.

हे वर सांगायला हवं होतं, स्टेनच्या आधीही सेक्शन हॉट प्लेटवर नीट वाळवून घ्या, ओलसर चिकटवलेलं टिकत नाही. आणि ब्लॉक (टिश्यू बसवलेला रेझिनचा ठोकळा) डेसिकेटरमध्ये ठेवा, हवेतला ओलावा ओढून मऊ पडतो.

टोल्युइडिन ब्लू या बेसिक डायचं बॅकग्राउंड वेगळं प्रकरण आहे. मोनोमरमध्ये (रेझिनच्या मूळ द्रवात) मेथाक्रिलिक अ‍ॅसिड उरलेलं असेल तर बेसिक डाय त्यालाच जाऊन चिकटतात, तिथे धुवून काही होत नाही, शुद्ध मोनोमरच लागतो. इम्युनो, म्हणजे अँटीबॉडी वापरून स्टेनिंग, करायचं असेल तर जीएमएच्या नादी लागू नका, अँटीबॉडी मोठी, ती आत शिरत नाही. हाडाचं काम करणारे एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) वापरतात, ते सेक्शनमधून सॉल्व्हंटने काढता येतं.

मोनोमर हाताळताना लॅटेक्सच्या ग्लोव्ह्जवर विसंबू नका, मोनोमर त्यातून आरपार जातो आणि त्वचेची अ‍ॅलर्जी होते. नायट्राइल घाला, थेंब पडला की लगेच बदला.

कागद अजून भिंतीवरच आहे. मी त्याच्या शेजारी दुसरा लावलाय, मोठ्या अक्षरात.