विरजणातले जंतू

माझ्या सात वर्षांच्या भाचीला शाळेत ‘जंतूंपासून दूर राहावे’ असे शिकवले गेले. त्याच रात्री तिच्या आजीने दुधाला विरजण लावताना ‘यातही जंतूच असतात हो’ असे सहज सांगितले आणि भाचीने दही खाणेच सोडले. तिची समजूत घालताना मी जे सांगितले, ते येथे लिहून ठेवतो.

विरजणाच्या एका चमच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. दूध कोमट, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस असले की ते दुधातील साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आम्लामुळे दुधातील प्रथिने एकमेकांना धरून बसतात आणि दही लागते. उकळत्या दुधात विरजण घातले तर हे जिवाणू मरतात आणि थंडीत त्यांचे काम मंदावते, म्हणून आजी हिवाळ्यात पातेले जुन्या शालीत गुंडाळून ठेवते. (तापमापक तिने कधी वापरला नाही, पातेल्याला बाहेरून हात लावणे तिला पुरते.) शिवाय दह्याच्या आंबटपणात बऱ्याच उपद्रवी जिवाणूंना नीट वाढता येत नाही.

‘मग वाईट जंतू ओळखायचे कसे?’ हा तिचा पुढचा प्रश्न मला अवघड गेला, कारण ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. टायफॉइडचे जिवाणू असलेले पाणी अगदी नितळ दिसू शकते. ते उकळून प्यायचे ते याचसाठी. त्यातही सगळे जिवाणू जन्मतःच चांगले किंवा वाईट अशा दोन रांगांत उभे नसतात. ई. कोलाय नावाच्या जिवाणूचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात निमूटपणे राहतात, पण तेच मूत्रमार्गात शिरले तर जळजळ आणि ताप आणतात. त्याचे काही प्रकार तर पोटात गेल्यावरही जुलाब घडवतात. शौचानंतर साबणाने हात धुण्याचे कारण तिला येथे पटले.

१६८३ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी लेव्हेनहुक यांनी स्वतःच्या दातांवरील कीटण घरी केलेल्या भिंगाखाली पाहिले आणि त्यात वळवळणारे जीव त्यांना दिसले, हे ऐकल्यावर तिने आरशासमोर बराच वेळ दात पाहिले.

दही तिने अजून खाल्लेले नाही. विरजण मात्र आता रोज तीच लावते, हात धुऊन.