लाकूड मुरलं

लाकूड मुरलेले नाही, खुंट्या बदललेल्या आहेत. काल महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर दादासमोर एवढे एकच वाक्य बोलायचे होते आणि तेच मी बोललो नाही. त्याने गिटार घेतली, सुरात लावली, नेहमीची दोन गाणी वाजवली, पुन्हा एकदा तारा तपासल्या आणि मुरांब्याबद्दल बोलावे तितक्या समाधानाने म्हणाला, "लाकूड मुरलं बरं का हिचं आता. भादव्यातही सूर सोडत नाही." वहिनीने मान डोलावली. आई म्हणाली की हा त्याच्या हाताचाच गुण. मी विड्याची पाने पुसत बसलो. आज विसर्जन झाले, दादाची पुण्याची गाडीही गेली, तरी ते वाक्य घशात तसेच अडकून आहे.

वाईट नेमके कशाचे वाटले, हे मला अजून नीट सांगता येत नाही, कारण ते काम कोणाला दिसू नये असेच तर मी ठरवले होते. जुन्या खुंट्या एका पत्र्याच्या पट्टीवर तीन अशा होत्या आणि त्यांच्या चाकांचे दात इतके झिजले होते की खुंटी बरीच फिरवली तरी तार गुंडाळायची दांडी जागची हलत नसे आणि हलली की सूर ओलांडून पुढे जाई. बंद डबीच्या सुट्या खुंट्या याहून चांगल्या असतात, परंतु त्यांच्यासाठी हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्या बसतात त्या गिटारच्या माथ्याची, भोके 10 मिलिमीटरपर्यंत वाढवावी लागली असती, मागे स्क्रूंसाठी नवी भोके पडली असती आणि जुन्या पट्टीची भोके उघडी राहिली असती. म्हणून तशाच पट्टीची, दांड्यांमध्ये 35 मिलिमीटर अंतर असलेली जोडी मी शोधून मागवली. लाकडात एकही नवे भोक पाडायचे नाही, ही अट दादाने नव्हे, मीच घातली होती.

दांडी मात्र किंचित जाड निघाली. जुनी 6 मिलिमीटरची, नवी 6.35 ची, एवढ्याशा फरकाने ती जुन्या बुशमध्ये, म्हणजे भोकात बसवलेल्या कडीत, शिरेना, त्यामुळे दर्शनी बाजूच्या त्या निकेलच्या कड्या काढणे आले. त्यांच्या कडेवर पॉलिश चढून सुकलेले असते आणि बुश सरळ उपटला तर तो पॉलिशचा टवका घेऊनच बाहेर येतो. इतवारीतल्या पॉलिशवाल्याने सांगितले होते की आधी झाकलेल्या जागी थिनरचा बोळा टेकवून पाहा. पॉलिश नायट्रोसेल्युलोज लॅकरचे असेल तर चिकट होईल, पॉलियुरेथेन असेल तर ढिम्म राहील. पट्टीखालची जागा त्यासाठी आयतीच होती. तिथला तांबडा रंग अजून इतका गडद होता की बाबांनी गिटार आणली तो दिवस... असो. बोळा लावताच लॅकर चिकट झाले.

जुन्या लॅकरवर मास्किंग टेप लावण्यात धोका असतो, कारण टेप काढताना पापुद्रा सुटू शकतो. म्हणून मी कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला भोके पाडून तो झाकण म्हणून ठेवला. धारदार ब्लेडने प्रत्येक बुशभोवती लॅकरची कड हलकेच कापली. मग सोल्डरिंग आयर्नचे टोक केवळ धातूला, तेही क्षणभर टेकवले. धातू तापला की त्याला धरून बसलेले लॅकर सैल पडते, मात्र जरा जास्त वेळ थांबले तर तिथेच फोड येतो. स्क्रूड्रायव्हर घालून समोरून उचकटायचे नाही, कारण तो ज्या कडेवर टेकतो तीच कड दबते. हेडस्टॉकखाली दुलईची घडी ठेवून, भोकाखाली मोकळी जागा राखून, भोकात जेमतेम मावेल अशा लाकडी दांडीने मागून दाब दिला, तेव्हा बारीकसा 'टक्' आवाज करून एकेक बुश खाली आला. नवे बुश हातोडीने ठोकले नाहीत, तर लांब बोल्टला दोन्हीकडून वायसर लावून नट आवळत आवळत आत ओढून घेतले, म्हणजे दाब सगळीकडून सारखा पडतो. शेवटी स्क्रूच्या आट्यांना मेण लावून पट्ट्या बसवल्या आणि गिटार खिडकीच्या उजेडात तिरपी धरून पाहिली. एक चरा नव्हता.

चरा पडला असता तर तो दादाला दारातूनच दिसला असता. न पडलेला चरा कोणाला दाखवायचा? डोळ्यांचे एक वेळ सोडून देऊ, पण त्याच्या बोटांना तरी कळायला हवे होते. पूर्वी खुंटीच्या 14 फेऱ्यांत दांडी एकदा फिरे, आता त्यासाठी 18 लागतात आणि मधला तो पोकळ हिसकाही गेला आहे. त्याने काल खुंट्या फिरवल्या, सूर अलगद मिळाला आणि श्रेय गेले लाकडाला. या घरात वेळेवर भरलेल्या टाकीचे, बदललेल्या वायरीचे, आईच्या औषधांचे असेच होते. तो विषय आज नको.

आज दुपारी गिटार पुसताना मात्र वेगळेच काही सुचले आणि थोडे हसू आले. सगळ्या तारांचा ताण एकत्र धरला तर 70 किलोच्या आसपास जातो, तरीही तार त्या दातेरी चाकाला उलटे फिरवू शकत नाही. सूर उतरतो तो बहुधा दांडीवरचे वळसे सैल बसल्यामुळे किंवा नटच्या, म्हणजे माथ्याखाली तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत तार अडकल्यामुळे. खाचांत मी या वेळी पेन्सिलीचे शिसे चोळले होते, म्हणजे निम्मे श्रेय त्या पेन्सिलीचे. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, हवेत ओल उरत नाही, मग खोलीत कूलरची ओल येते आणि पाठोपाठ पाऊस. अशा चढउतारांत लाकूड आकसते, फुगते आणि सूर हलतो. यंदा गिटार कूलरपासून दूर, आईच्या खोलीत खोक्यात बंद होती. तेव्हा लाकडाला स्वस्थता मिळाली, हे दादाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ती तिथे कोणी हलवली, हा प्रश्न वेगळा.

जुन्या पट्ट्या, बुश आणि स्क्रू एका पाकिटात घालून खोक्यात ठेवले आहेत. रिक्षात बसता बसता दादा म्हणाला की गिटार गळ्यात अडकवायच्या पट्ट्याचे खालचे बटण हलते आहे, तेवढे कोणाकडून तरी नीट करून घे. स्क्रूच्या भोकात टूथपिक आणि फेव्हिकॉल भरून रात्रभर वाळू देईन आणि उद्या बटण पुन्हा बसवीन. बटणाने लॅकर दबू नये म्हणून त्याच्याखाली फेल्टची चकती घालतात. काळी चकती घातली तर ती कोणाच्या नजरेत येत नाही, म्हणून मी लाल आणणार आहे.